लेन्स दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवताना

प्रश्न (रत्नागिरी):
पावसाळा सरता सरता माझ्या ७०-२०० मिमी लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी दिसू लागली असून ऑटोफोकसही अधूनमधून अडखळतो. येथे अधिकृत सेवा केंद्र नसल्याने लेन्स कुरिअरने मुंबईला पाठवावी लागेल. वॉरंटीचे चार महिने शिल्लक आहेत. तुळशीच्या लग्नानंतर कामे सुरू होतात, त्याआधी ती हाती यायला हवी. बुरशीचे काम वॉरंटीत बसते का आणि सोबत कॅमेराही पाठवावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (ठाणे):
बुरशी, पाणी किंवा पडणे यांमुळे झालेला बिघाड सहसा वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या लिहा, नाहीतर फोकसचा दोषही बुरशीच्या खात्यावर टाकला जाईल. बुरशीने काचेवरचे कोटिंग खाल्ले असेल, तर साफ केल्यावरही डाग राहतो आणि काचच बदलावी लागते. तो खर्च बराच असतो. तेव्हा अंदाजपत्रक मंजूर केल्याशिवाय काम सुरू करू नये, असे अर्जातच नमूद करा आणि काम नाकारल्यास तपासणीचे किती पैसे पडतील, तेही आधी विचारा.

उत्तर (पुणे):
फोकसची तक्रार एकाच बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) येत असेल, तर केंद्र बॉडीही मागवू शकते. ती पाठवलीत, तर बॅटरी आणि कार्ड घरीच ठेवा. लिथियम बॅटरीवर हवाई वाहतुकीत निर्बंध असल्याने पार्सल अडकते. फिल्टरही काढून घ्या. माझा फिल्टर एकदा परत आलाच नाही, कारण पावतीवर त्याची नोंद नव्हती, आणि ती चूक माझीच होती. लेन्सला दोन्ही झाकणे लावून बबल रॅपचे तीन-चार वेढे द्या, खोक्यात खोके ठेवा आणि हलवून पाहा. आत काही सरकल्याचे जाणवले, तर पुन्हा उघडून भरा. सिरीयल नंबर दिसेल असा फोटो, बिलाची प्रत आणि पूर्ण किमतीचा विमा विसरू नका.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आज दोन्ही बॉडींवर तपासले. १३५ मिमीच्या पुढे झूम केल्यावरच फोकस अडखळतो, म्हणजे दोष लेन्सचाच दिसतो. तेवढेच अर्जात लिहून सोमवारी एकटी लेन्स पाठवतो.