आयड्रॅक असताना कन्सोल सर्व्हर कशाला?

रात्रपाळी_हडपसर: काल इथे वाचलं, "हल्ली प्रत्येक सर्व्हरला आयड्रॅक नाहीतर आयएलओ असतंच, सिरियल कन्सोल सर्व्हर म्हणजे पैशाचा चुराडा." डोकंच फिरलं. (नवख्यांसाठी: आयड्रॅक-आयएलओ म्हणजे डेल-एचपीच्या सर्व्हरमधली चिप, मशीन अडकलं तरी नेटवर्कवरून दुरून ताबा देते; कन्सोल सर्व्हर म्हणजे यंत्रांचे सिरियल पोर्ट एका जागी आणून दुरून उघडून देणारा डबा.) अहो, आयड्रॅकची वायर शेवटी स्विचमध्येच जाते ना, तोच मेला तर बघणार कशातून? गेल्या जुलैत रात्री दीडला आमच्या मॅनेजमेंट स्विचचं, म्हणजे आयड्रॅकच्या वायरी जातात त्याच स्विचचं, अपग्रेड फसलं, स्विच रॉममॉनला (नुसत्या बूटच्या प्रॉम्प्टला) जाऊन बसला, मी हडपसरहून भर पावसात हिंजवडी गाठली, निळी सिरियल केबल लावली, ९६०० बॉडच्या वेगावर जोडून जुनी इमेज, म्हणजे आधीचं सॉफ्टवेअर, बूट केली. चार मिनिटांचं काम! कन्सोल सर्व्हर असता तर घरूनच झालं असतं. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक सहा तास झोपलं तेव्हा त्यांचं आउट-ऑफ-बँडही (मुख्य नेटवर्क सोडून आत जायची वेगळी वाट) बंद होतं, त्यांनीच लिहिलंय.

केव्हीएम_खराडी: ते मीच लिहिलंय आणि अजूनही तेच म्हणतो. मॅनेजमेंट स्विच एकच ठेवलात ही तुमची चूक. आमच्याकडे सगळं विंडोज, निळी स्क्रीन आली की सिरियलवर काय बघू? आयएसओ (इन्स्टॉलच्या डिस्कची फाइल) कुठून माउंट करू? जुन्या मशीनला केव्हीएम ओव्हर आयपी (स्क्रीन-कीबोर्ड-माउस नेटवर्कवरून), बाकीच्यांना आयड्रॅक, बास.

कोथरूडची_नेटवर्कवाली: दादा, ते आयड्रॅकचं ६२३ पोर्ट ऑफिसच्या लॅनवर उघडं नाही ना? आयपीएमआय २.० (त्या पोर्टवरचा सर्व्हर दुरून सांभाळायचा प्रोटोकॉल) लॉगिनच्या आधीच पासवर्डचा हॅश देतं, त्यावरून पासवर्ड शोधता येतो, स्टँडर्डच तसं आहे, पॅच येणार नाही. वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर तोडलेलं वेगळं नेटवर्क) करा. आणि कन्सोल सर्व्हर फोर-जी सिमवालाच घ्या, मुख्य लिंक तुटली तरी वाट राहते.

केव्हीएम_खराडी: फोर-जीचं नावच काढू नका! डेटा सेंटरच्या लोखंडी जाळीच्या केजमध्ये रेंजची एक कांडी, अँटेना बाहेर काढायला परवानगी मिळेना, आणि रिचार्ज अकाउंट्सच्या टेबलावर पडून राहिला. लिंक तुटली त्याच दिवशी कळलं की सिम कधीचंच बंद पडलंय!

कोथरूडची_नेटवर्कवाली: मग पोस्टपेड घ्यायचं. शिवाय साध्या सिमला पब्लिक आयपी (बाहेरून गाठता येणारा पत्ता) नसतो, बाहेरून आत शिरताच येत नाही, डब्यानेच आतून व्हीपीएन लावायला हवं. ते केलं होतंत?

केव्हीएम_खराडी: नव्हतं केलं. पण तुम्ही शिकवायच्या सुरात बोलू नका, पंधरा वर्षं रॅक लावतोय मी.

रात्रपाळी_हडपसर: आम्हीही रॅकच लावतो, गजरे नाही विकत! फायरवॉल रीबूट होऊन वर आलाच नाही तर काय कराल, तेवढं सांगा.

केव्हीएम_खराडी: …तिथे सिरियलच लागेल, मान्य. स्विच-फायरवॉलपुरता आठ पोर्टचा कन्सोल सर्व्हर घेतो. सर्व्हरला नाही म्हणजे नाही.

कोथरूडची_नेटवर्कवाली: ऑर्डर द्यायच्या आधी पिनआउट (कुठल्या पिनला कुठली तार) बघा, काहींना सरळ पॅचकॉर्ड, म्हणजे साधी नेटवर्क केबल, चालते, काहींना रोलओव्हरच (एका टोकाला तारा उलट्या क्रमाने) लागते. आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल.