कंपोस्टेबल पिशवी कुजतच नाहीये, फसवलं का मला?

मंडळी, भाजीवाल्याकडून 'कंपोस्टेबल' लिहिलेली हिरवी पिशवी मिळाली, ती गॅलरीतल्या खताच्या ड्रममध्ये टाकली. ६ महिने झाले, केळ्याची सालं, चहाचा चोथा सगळ्याची माती झाली, पण ही बया जशीच्या तशी, नुसती मळलीये. डुप्लिकेट आहे का?

चहाबाज: डुप्लिकेटच असेल असं नाही हो. खऱ्या पिशव्या बहुतेक पीएलए-पीबीएटी या कुजणाऱ्या प्लास्टिकच्या असतात आणि त्यांची टेस्ट साधारण ५८ डिग्रीला होते, मोठ्या प्लांटमधे तेवढी उष्णता टिकते, तुमच्या ड्रममधे कुठली टिकायला. आयएस १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं भारतीय मानक) छापलंय का बघा, नुसतं 'बायोडिग्रेडेबल' असेल तर विषयच संपला.

माडाखाली: २०१८ च्या महाराष्ट्रातल्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलच्या ताटल्या गेल्या, तेव्हापासून आमच्याकडे पूजेला पोफळीच्या विरीच्या (म्हणजे सुपारीच्या पानाच्या रुंद देठाच्या). आमटी वाढली तरी गळत नाही, नंतर माडाच्या मुळात टाकायच्या की झालं. पिशवीला मात्र कापडीच बरी, आईच्या जुन्या साडीची शिवलीये.

चहाबाज, बघितलं आत्ता पिशवीवर, नंबरबिंबर काही नाही, फक्त पानाचं चित्र 😤 वर ५ रुपये घेतले ते वेगळेच.