मदत हवी आहे : गुरूजवळून जाताना यानाला वाढीव वेग मिळतो कुठून?

नमस्कार मंडळी. व्हॉयेजर २ हे यान १९७७ मध्ये निघालं आणि गुरू, शनी, युरेनस यांच्या ओढीने वेग वाढवत १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोचलं. माझी गाडी इथेच अडते. ग्रहाकडे पडताना मिळालेला वेग दूर जाताना परत द्यावा लागणारच ना? उतारावरून सोडलेली गोटी समोरच्या चढावर थांबतेच की.

गुरू स्वतः सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरतो आणि त्यातलाच थोडा वाटा यानाला मिळतो, इथवर कळलं. समोरून येणाऱ्या ट्रकवर चेंडू मारला की तो जास्त जोराने उलटतो, तसं. पण चेंडू ट्रकवर आपटतो, यान तर ग्रहाला शिवतही नाही!

भाचीसाठी वहीत दोन रेघा काढल्या: गुरू ज्या दिशेने सरकतो त्या दिशेत त्याच्या मागून जाणारी, तिथे वेग वाढतो, पुढून जाणारी, तिथे घटतो. तिने लगेच विचारलं, "पण का?" गणिताशिवाय, नुसत्या बाणांनी हे कुणी समजावू शकेल का? नेपच्यूनपाशी तर व्हॉयेजर २ चा सूर्यसापेक्ष वेग उलट कमी झाला. तेही याच चित्रात कसं दाखवू?