कॅमेऱ्याआधी आवाजाचं बघा

पहिली शॉर्टफिल्म करायची म्हटलं की कोणता कॅमेरा भाड्याने घ्यावा यावरच बरंच बोललं जातं, म्हणून मी आवाजाबद्दल लिहितो. पहिल्या शॉर्टफिल्मला चित्र थोडं कच्चं असलं तरी प्रेक्षक चालवून घेतात, पण संवाद कळला नाही तर दुसऱ्या मिनिटाला उठतात.

कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका. तो सहा-सात फुटांवर असतो, त्यामुळे खोलीत घुमणारा आवाजच जास्त येतो. बूम (लांब काठीवरचा माइक) नसेल तर साधा कॉलर माइक दुसऱ्या फोनला जोडा, फोन फ्लाइट मोडवर आणि नटाच्या खिशात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह (WAV) फाइल. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण पातळी फार वर गेली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. प्रत्येक टेकला (म्हणजे दर वेळी रेकॉर्डिंग सुरू केल्यावर) कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, म्हणजे एडिटला चित्र आणि आवाजाची जुळवणी सोपी जाते. पंखा, फ्रिज बंद करा (फ्रिजमध्ये कुणाच्या तरी गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे जाताना तो सुरू करायचं विसरणार नाही). जागा सोडण्याआधी सगळ्यांनी गप्प राहून ३० सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्या. संवादांमधल्या फटी त्यानेच भरायच्या असतात.

फोनवर शूट करत असाल तर सेकंदाला २५ फ्रेम्स (चित्रं) आणि शटर १/५० सेकंदावर लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ला ट्यूबलाइट लुकलुकते. फोनचा फ्रेम रेट बदलता राहिला तर लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नका.