लहानपणीच्या पोकेमॉन कार्डांचा खरा खेळ आता शिकायचा आहे: सुरुवात कशी करावी?

सायंतारा:

२००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झाले, तेव्हा मी सोलापुरात प्राथमिक शाळेत होते. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात दोरीला टांगलेल्या पाकिटांतून ही कार्डे मिळत, आणि वर्गातल्या बहुतेकांचे खाऊचे पैसे त्या दोरीपाशीच संपत. आम्ही त्यांच्याशी खेळायचो तो डाव मात्र कुस्तीगिरांच्या आणि क्रिकेटपटूंच्या ट्रम्प कार्डांचाच होता: ज्याच्या कार्डाच्या कोपऱ्यातला एचपीचा, म्हणजे पोकेमॉनच्या प्राणशक्तीचा, आकडा मोठा, त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे. मधल्या भागात बारीक इंग्रजीत काय छापलेले असते, ते कुणी वाचत नसे. ज्या कार्डावर पोकेमॉनच नाही, केवळ एखादा माणूस किंवा वस्तू आहे, ते तर अदलाबदलीतही कुणी घेत नसे.

अलीकडे भाच्याला वाढदिवसाची भेट म्हणून एक तयार डेक, म्हणजे खेळायला जुळवलेला कार्डांचा संच, आणला आणि त्याला शिकवता यावे म्हणून सोबतची नियमपुस्तिका वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आले, की इतकी वर्षे ज्या कार्डांवर जीव टाकला त्यांचा एक पूर्ण, विचारपूर्वक रचलेला खेळ आहे आणि तो मी एकदाही खेळलेले नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. या वयात नव्याने सुरुवात करणाऱ्याने पोकेमॉनच धरावे की दुसरा एखादा खेळ, जुन्या कार्डांचा काही उपयोग होईल का, आणि खर्चाला आवर कसा घालावा, याबद्दल अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे. मी पुण्यात असते.

किल्लीदार:

पोकेमॉनपासूनच सुरुवात करावी, कारण तुमची ओढ तिथली आहे आणि नियमही तुलनेने सोपे आहेत. प्रत्येकाचा डेक बरोबर ६० कार्डांचा असतो. मूलभूत एनर्जी, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायची साधी कार्डे, सोडल्यास एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डे ठेवता येतात. पिसून झाल्यावर ७ कार्डे हातात घ्यायची आणि ६ कार्डे बक्षिसाची म्हणून पालथी बाजूला ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या बक्षिसांतले कार्ड उचलायचे, आणि ज्याची सहाही आधी उचलून होतात तो जिंकतो. समोरच्याकडे मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही, किंवा पाळीच्या सुरुवातीला उचलायला त्याच्या डेकात कार्ड राहिले नाही, तरीही आपण जिंकतो.

एचपीचा आकडा एवढेच सर्वस्व का नाही, हे १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधल्या, म्हणजे पहिल्या संचातल्या, चारिझार्डवरून चांगले समजते. त्याचा एचपी १२०, म्हणजे शाळेतल्या डावात तो जवळजवळ अजिंक्यच. खऱ्या खेळात मात्र आधी त्याचे पहिले रूप, चारमँडर, मैदानात आणायचा, पुढच्या पाळीत त्याचा चारमेलियन करायचा आणि त्याच्या पुढच्या पाळीत चारिझार्ड. त्याच्या हल्ल्याला ४ अग्नी-एनर्जी लागतात आणि एका पाळीत एकच एनर्जी जोडता येते, म्हणून दुसऱ्या एखाद्या कार्डाचे साहाय्य नसेल तर चौथ्या पाळीआधी तो हल्ला करूच शकत नाही. हल्ला १०० चा खरा, पण प्रत्येक वेळी २ एनर्जी टाकून द्याव्या लागतात, आणि समोर पाण्याचा पोकेमॉन असेल तर चारिझार्डला दुप्पट इजा होते. तेवढ्या वेळात एखादा साधा, लहान पोकेमॉन दोन बक्षिसे घेऊन मोकळा झालेला असतो.

अदलाबदलीत कुणी घेत नसे ती माणसांची आणि वस्तूंची कार्डे म्हणजे ट्रेनर कार्डे. बेस सेटमधले प्रोफेसर ओकचे कार्ड सांगते, की हातातली सगळी कार्डे टाकून द्या आणि ७ नवी उचला. हातात चांगली कार्डे असताना ती टाकावीत की आणखी एक पाळी थांबावे, या एका निर्णयावर डाव फिरतो. स्पर्धांमधल्या अनेक डेकांत आजही निम्म्याहून अधिक कार्डे ट्रेनरचीच असतात. मला विचाराल तर हा खेळ खरा तिथेच आहे, आणि लहानपणी नेमका तोच भाग आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून निसटला.

शिकण्यासाठी बॅटल अकॅडमी नावाचा खोका घ्यावा. त्यात तीन तयार डेक आणि पट असतो, त्यामुळे एकाच खरेदीत दोघांची सोय होते. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे मोफत ॲपही आहे. नियम अंगवळणी पडेपर्यंत त्यावर खेळावे.

उत्तरेचा वारा:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. तरीही मॅजिक: द गॅदरिंग या दुसऱ्या कार्डखेळाचा एकदा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी बरीच वर्षे अमेरिकेत आहे आणि इथल्या दुकानांत शुक्रवारी संध्याकाळी होणाऱ्या मॅजिकच्या डावांनी मला परक्या शहरात माणसे मिळवून दिली. हा खेळ १९९३ मध्ये आला. तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड गणितज्ञ होते आणि संग्रह करून खेळायच्या आजच्या सगळ्या कार्डखेळांचा हा मूळपुरुष आहे. पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा अशा पाच रंगांना आपापला स्वभाव आहे, आणि खेळणाऱ्याचा स्वभाव त्याने निवडलेल्या रंगांत हळूहळू दिसू लागतो.

मोठेपणी हा खेळ अधिक भावण्याचे कारण म्हणजे यात समोरच्याच्या पाळीतही उत्तर देता येते. त्याने कार्ड टाकले, आपल्याकडे दोन निळ्या जमिनी (कार्डे खेळायला लागणारी शक्ती देणारी कार्डे) मोकळ्या आहेत, आणि आपण ते कार्ड खरोखर अडवणार आहोत की नुसता तसा भास निर्माण करतो आहोत, हे त्याला ओळखायचे असते. ज्यांच्या घरी सुट्टीत मेंढीकोट रंगत असे आणि कोणती हुकुमाची पाने पडून गेली याचा हिशेब डोक्यात ठेवायची सवय लागली, त्यांना हे फार लवकर जमते, असे मी इथल्या मराठी मित्रांत पाहिले आहे. चार जण असतील तर मॅजिकचा कमांडर हा प्रकार खेळावा: १०० कार्डांचा डेक, मूलभूत जमिनी सोडून प्रत्येक कार्ड एकच, प्रत्येकाचे प्राण ४०. डाव लांबतो, पण गप्पाही होतात.

चिंचबन:

खर्चाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण या छंदात मोठी माणसे तिथेच वाहवत जातात. लहानपणी पाच-दहा रुपयांच्या पलीकडे हात पोहोचत नसे. आता पगार असतो, आणि बंद पाकीट फोडण्याची ती उत्कंठा मात्र तशीच असते. बूस्टर पाकिटात, म्हणजे कोणती कार्डे आहेत हे न कळणाऱ्या बंद पाकिटात, काय निघेल हे नशिबावर असते. खेळण्यासाठी विशिष्ट कार्ड हवे असेल तर ते एकेकटे विकत घ्यावे. हव्या त्या कार्डासाठी पाकिटे फोडत बसण्यापेक्षा ते जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. घरातल्या डावांसाठी कागदावर नाव आणि मजकूर लिहून तो जुन्या कार्डासह स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या आवरणात) सरकवला तरी चालतो. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाही, पण डेक आपल्याला मानवतो का हे कळण्यासाठी एवढे पुरते.

जुन्या कार्डांविषयी फार आशा धरू नये. आपल्याकडे तेव्हा शाळांपुढच्या दुकानांत जी कार्डे मिळत, त्यांतली बहुसंख्य नकली होती. शब्दांतल्या चुका, अशक्यप्राय एचपी, मागच्या बाजूचा फिकट निळा रंग आणि पातळ कागद ही ओळखीची लक्षणे आहेत. खरे कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचे असते आणि त्याच्या थरांमध्ये एक गडद थर असल्याने दिव्यासमोर धरल्यावर आरपार प्रकाश कमी येतो. हल्ली ऑनलाइन मिळणारी सोनेरी, प्लास्टिकसारखी कार्डेही नकलीच असतात. ती भाच्यासाठी कृपया घेऊ नयेत. शिवाय बेस सेटचे कार्ड अस्सल निघाले, तरी ते पुढे त्याच रूपात पुन्हा छापले गेले नसेल तर आजच्या स्टँडर्ड, म्हणजे फक्त अलीकडच्या कार्डांच्या, स्पर्धांत चालत नाही. आता कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर छापतात आणि ठरावीक काळाने जुनी अक्षरे बाद होतात.

नदीकाठची:

चिंचबन यांचे म्हणणे योग्य आहे, पण कार्डे केवळ खेळण्यासाठीच घ्यावीत असे मला वाटत नाही. कार्डाच्या तळाशी चित्रकाराचे नाव असते, ते वाचायला सुरुवात करावी. बेस सेटमधले पिकाचू आणि चारिझार्ड मित्सुहिरो अरिता यांनी काढलेले आहेत. युका मोरिई मातीच्या बाहुल्या घडवतात आणि त्यांची छायाचित्रे कार्डावर येतात. गवतात बसलेल्या त्या छोट्या बाहुलीच्या अंगावर पडलेले खरे ऊन दिसते. त्यांची अनेक कार्डे अगदी सामान्य वर्गातली, म्हणजे खाली काळे वर्तुळ असलेली आहेत आणि फार थोड्या पैशांत मिळतात. मी एका चित्रकाराला एक पान, अशी वही लावते. तुमच्या सोलापूरच्या नकली कार्डांनाही मी त्या वहीत जागा दिली असती, कारण चित्र निरखून पाहण्याची सवय त्यांनीच लावली.

सायंतारा:

सर्वांचे मनापासून आभार. जुनी कार्डे दिव्यासमोर धरून पाहिली आणि बहुतेकांतून उजेड स्वच्छ आरपार आला. ती तरीही जपून ठेवणार आहे. बॅटल अकॅडमी मागवली आहे. एकच शंका उरते: भाचा नऊ वर्षांचा आहे. त्याच्याशी खेळताना मी मुद्दाम हरावे का?

किल्लीदार:

मुद्दाम हरू नये. मुलांना ते लगेच कळते आणि खेळावरचा विश्वास उडतो. सुरुवातीला दोघांनीही हातातली कार्डे टेबलावर उघडी ठेवून खेळावे आणि प्रत्येक निर्णयाचे कारण मोठ्याने सांगावे, विशेषतः ट्रेनर कार्ड का टाकले किंवा का राखून ठेवले ते. त्यानंतर डेकांची अदलाबदल करून तोच डाव पुन्हा खेळावा. मोठ्यांशी खेळायचे झाल्यास पुण्यातल्या बोर्डगेम कॅफेंमध्ये चौकशी करा. पहिल्या भेटीत डेक घेऊन नुसते जाऊन बसले, आणि नवखे आहोत असे सांगितले, तरी कुणी ना कुणी समोरची खुर्ची ओढतोच.