मदत हवी आहे: कॅन्सर रिसर्चमध्ये पेशंटच्या बाजूने सहभागी कसं व्हायचं?

मला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ट्रीटमेंट संपलीये, आता फक्त फॉलोअप चालू आहे. नंतर धाकट्या बहिणीला ओव्हरीचा निघाला, आत्याला आधीच होता, म्हणून जेनेटिक टेस्ट केली तर बीआरसीए१ पॉझिटिव्ह, म्हणजे ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनमधला दोष. (वडिलांकडूनही येतो हा दोष, मुलाला किंवा मुलीला यायची शक्यता ५० टक्के, तरी आमच्याकडे अजून "आईकडून काही नाही ना, मग कसं" चालूच.) काउन्सेलिंग झालंय, घरच्यांच्या टेस्टचं बघतोय, त्यामुळे त्याबद्दल सल्ला नकोय.

मला रिसर्चसाठी काहीतरी करायचंय. सीटीआरआयच्या (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदणी) साइटवर शोधलं, पण मला जे स्टडी सापडले त्यात आत्ता ट्रीटमेंट चालू असलेले पेशंटच घेतात. एका हॉस्पिटलला मेल केला तर उत्तरात डोनेशनची लिंक आली! वॉकेथॉन, गुलाबी रिबिन वगैरे पण नकोय, ते करणारे खूप आहेत.

आयसीएमआरच्या (मेडिकल रिसर्चची सरकारी संस्था) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे एथिक्स कमिटीत, म्हणजे रिसर्च पेशंटच्या दृष्टीने योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीत, एक सामान्य माणूस, म्हणजे ले पर्सन, असावा लागतो. संमतीपत्राचं मराठी पेशंटला कळेल असं आहे का हे बघणं मला नक्की जमेल, माझ्या वेळचं तर कोणालाच कळलं नसतं. मी नाशिकला असते, नोकरी आहे, महिन्यातून एखादा दिवस मुंबई-पुण्याला येऊ शकते, मानधन नसलं तरी चालेल, मेडिकल डिग्री नाही.

तर अशा कमिटीवर कोणी आहे का इथे? अर्ज नक्की कोणाकडे करायचा, मेंबर सेक्रेटरीकडे डायरेक्ट की ओळखीनेच घेतात, आणि स्वतः पेशंट असलेलं चालतं का?