अनुभव धागा : तुमची दिवेलागण कशी जाते?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात.

लहानपणी या वेळेला आजी आम्हाला लोळू द्यायची नाही, केर काढू द्यायची नाही, पुढचं दार सताड उघडं ठेवायची. आता त्याच वेळेला माझ्या घरात माणसं चार आणि स्क्रीन पाच. उपदेश नकोत. ‘मी पहाटे चारला उठतो’ हे तर अजिबातच नको. तुमचे सात ते साडेआठ खरोखर कसे जातात, तेवढं लिहा.

पुणे, आयटी

आमच्या भोंग्याचं नाव स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ. म्हणजे थंडीत दिवेलागण मिळते, पण जेवण जातं.

पाच वर्षांच्या मुलीने ‘कॉल-कॉल’ नावाचा खेळ काढला होता. उशीला माझा हेडफोन लावायचा आणि समोर बसलेल्या बाहुलीला ओठांवर बोट ठेवून ‘श्श’ करायचं. बाहुलीला तिने स्वतःचंच नाव दिलं होतं. मी दारात उभा राहून हे पाहत होतो, कानात दुसरा हेडफोन.

नोकरीबिकरी सोडली नाही, घराचा हप्ता आहे. एका सहकाऱ्याशी सौदा केला : मंगळवार-गुरुवारचा कॉल तो घेतो, त्याची शनिवारची रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायचं काम) मी सांभाळतो. शनिवार गेला, हे बायको अधूनमधून ऐकवते. तिचंही बरोबर आहे. पहिल्या मंगळवारी सात वाजता मी कणीक मळायला घेतली, तर मुलगी गंभीरपणे म्हणाली, “बाबा, तुला काढून टाकलं का?”

मेलबर्न

इथे २६ ऑगस्ट २०२४ पासून कायदाच आहे. कामाची वेळ संपल्यावर साहेबाने फोन, मेल केले तर उत्तर न देण्याचा हक्क, फक्त तो नकार अवाजवी नसावा. लहान कंपन्यांना तो वर्षभराने लागू झाला. साहेब खरंच गप्प झाला. पण इथल्या हिवाळ्यात माझे सात वाजतात तेव्हा भारतात दुपारचे अडीच, आणि जेवणं उरकून आमचा कौटुंबिक ग्रुप तेव्हाच रंगात येतो. साहेबाला ‘उद्या बघतो’ म्हणता येतं, मोठ्या काकूंना कोण म्हणणार? निळ्या खुणा बंद केल्या, तर काकूंनी आईला फोन लावला : “रागावलाय का गं तो?”

शिक्षिका, विदर्भ

संध्याकाळी साडेसातला ग्रुपवर तक्ता पडतो, वर ‘तात्काळ’. परवा शाळेतल्या शौचालयांची संख्या मागितली. गेल्या महिन्यात दिली होती. महिन्याभरात शौचालयं व्यायली नाहीत हो! आता मी एका वहीत सगळे आकडे लिहून ठेवलेत, मागितले की पानाचा फोटो पाठवते आणि भाजीला फोडणी घालते.

(या वहीची आयडिया आमच्या ऑफिसातही चालेल. — धागाकर्ती)

जुन्नर

आमचं उलटं आहे. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आधी रात्रपाळीला बॅटरी घेऊन उसाच्या कडेने विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची. उसात बिबट्या. घरचे जागे, आपणही जागे. आता मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. लाइट आली की त्याचाच फोन येतो. ठिबक आहे, त्यामुळे अंथरुणातून बटण दाबून परत झोपतो. तेव्हा मोबाईलला सरसकट शिव्या देऊ नका.

कोल्हापूर

यांना जाऊन दीड वर्ष झालं. रक्तदाबाची गोळी संध्याकाळी सातची, विसरायचे म्हणून मुलाने यांच्या फोनात गजर लावून दिला होता. शेवटपर्यंत गजर वाजला की “झाली गं बाई घेऊन” असं त्या फोनलाच सांगायचे.

तो गजर मी बंद केला नाही. फोन देवघराच्या कट्ट्यावर चार्जिंगला असतो. दर २८ दिवसांनी रिचार्ज मारते. कोपऱ्यावरचा दुकानदार सुरुवातीला “काकी, नंबर चालू आहे का?” विचारायचा, आता विचारत नाही. सात वाजले की फोन लाकडावर थरथरत पुढं सरकतो, कधी निरांजनापर्यंत येतो. मी त्याला मागं ढकलते, वात लावते, मग गजर थांबवते. सुरुवातीला रडायची. आता वातीला तूप कमी झालंय का ते आधी बघते.

मुलगा म्हणतो, “आई, तुझ्या फोनवर लावून देतो की तोच गजर, दोन-दोन फोन कशाला?” नको म्हटलं. माझा लाकडावर तसा वाजत नाही.